गर्भपाताचा दंड कोणाच्या माथीं?

कायद्यांत ज्याच्या नांवानें शिक्षा लिहिलेली असते त्यालाच ती भोगावी लागते, असा सामान्य समज आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील डझनभर राज्यांनीं २०२२ पासून गर्भपाताविरुद्ध जे फौजदारी कायदे अंमलांत आणिले, त्यांचा अनुभव या समजाच्या अगदीं उलट साक्ष देतो. या कायद्यांपैकीं बहुतेकांत गर्भिणी स्त्रीस स्पष्ट शब्दांनीं शिक्षेंतून वगळलें आहे. बेडी आहे ती डॉक्टरासाठीं. असें असतां तुरुंगांत गेलेल्या डॉक्टरांची रांग कोठें दिसत नाहीं, आणि जिला कायद्यानें दयाबुद्धीनें वगळलें म्हणून सांगतात तीच स्त्री इस्पितळाच्या दारांत तासन् तास तिष्ठत बसलेली दिसते. हें कसें घडतें याचा विचार आज कर्तव्य आहे. विषय नाजूक आहे व कित्येक घरांत त्याचा उच्चारही अप्रशस्त मानितात, हें आम्ही जाणतों. परंतु ज्या गोष्टीचा उच्चार करावयाचा नाहीं तिच्याविषयीं कायदे मात्र बिनदिक्कत होत असतात, म्हणून मौन राखण्यांत आम्हांस सभ्यता वाटत नाहीं.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंत फौजदारी कायदे करण्याचा अधिकार मुख्यत्वें एकेका राज्याकडे असतो. टेक्सस राज्यानें १८५४ सालींच गर्भपात करविणें हा गुन्हा ठरविला होता, आणि पुढें त्यास दोन ते पांच वर्षांची कैद नेमिली होती. हाच कायदा २२ जानेवारी १९७३ रोजीं तेथील सुप्रीम कोर्टानें 'रो विरुद्ध वेड' या खटल्यांत रद्द ठरविला. नवांपैकीं सात न्यायाधीश त्या मताचे होते. एकोणपन्नास वर्षें तो निवाडा टिकला. २४ जून २०२२ रोजीं त्याच कोर्टानें मिसिसिपी राज्यांतून आलेल्या 'डॉब्स' खटल्यांत तो मोडीत काढून हा प्रश्न पुन्हां राज्यांच्या विधिमंडळांच्या स्वाधीन केला. कित्येक राज्यांनीं या दिवसाची वाट पाहत कायदे आधींच लिहून ठेविले होते. तिकडील लोक अशा कायद्यांस बंदुकीच्या चापावरून नांव देतात. निवाडा बाहेर पडतांच चाप ओढला गेला.

दंडाचें मान राज्यागणिक निरनिराळें आहे. आयडाहोंत दोन ते पांच वर्षांची कैद आहे. अलाबामाच्या २०१९ च्या कायद्यांत दहा ते नव्याण्णव वर्षें किंवा जन्मठेप आहे. म्हणजे त्या राज्यांत पहिल्या प्रतीच्या बलात्कारास जी शिक्षा तीच बलात्कारानें राहिलेला गर्भ काढणाऱ्या डॉक्टरास, कारण बलात्काराचा अपवाद त्या कायद्यांत नाहीं. आम्ही टेक्ससचा कायदा नमुन्यादाखल घेतों. तो सर्वांत कडक आहे असें नव्हे. परंतु त्याची परीक्षा न्यायालयांत सर्वांपुढें झाली आहे. शिवाय ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत आज पुष्कळ मराठी कुटुंबें राहत आहेत, आणि लेकीच्या बाळंतपणासाठीं डिंकाचे लाडू बांधून विमानांत बसणाऱ्या पुण्या-नागपुरच्या आईस, आपली लेक कोणत्या कायद्याखालीं त्या खाटेवर निजली आहे, याची कल्पना बहुधा नसते.

२५ ऑगस्ट २०२२ पासून अंमलांत आलेल्या या टेक्ससच्या कायद्याप्रमाणें गर्भपात करणाऱ्यास पांच ते नव्याण्णव वर्षें किंवा जन्मभर कैद होऊं शकते. वर निदान एक लाख डॉलरांचा दिवाणी दंड, आणि वैद्यकीचा परवाना जातो तो निराळाच. अपवाद एवढाच कीं, गर्भारपणामुळें उद्भवलेल्या वा बळावलेल्या शारीरिक विकारानें स्त्रीच्या जिवास धोका असला, किंवा शरीराचें एखादें प्रमुख कार्य गंभीरपणें बिघडण्याचें भय असलें, तर डॉक्टरास गर्भपात करतां येतो. याच्या आधीं, १ सप्टेंबर २०२१ पासून, त्या राज्यांत आणखी एक कायदा चालू होता. गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू झाल्यावर, म्हणजे सुमारें सहा आठवड्यांनंतर, गर्भपात करणाऱ्यावर वा त्यास साह्य करणाऱ्यावर कोणाही तिऱ्हाइतानें दावा लावावा व किमान दहा हजार डॉलर पदरांत पाडून घ्यावे, अशी त्यांत योजना आहे. शेजाऱ्याच्या घरावर पाळत ठेवण्याचा हा धंदा सरकारनें अधिकृत केला. त्याची किळस यावयास गर्भपाताविषयीं कोणतेंही विशिष्ट मत असण्याची गरज नाहीं.

वरील अपवादाचे शब्द वाचणारास पुरेसे वाटतील. आम्हांसही प्रथम वाचतांना तसेच वाटले. ते खाटेशीं उभ्या असलेल्या डॉक्टरास कितपत पुरतात, हें डिसेंबर २०२३ मध्यें दिसून आलें. डॅलसजवळ राहणारी, दोन मुलांची आई असलेली एक स्त्री त्या महिन्यांत न्यायालयांत गेली. तिचा गर्भ सुमारें वीस आठवड्यांचा होता. गर्भाच्या पेशींत अठराव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असल्याचें तपासणींत निघालें होतें. अशीं बहुतेक मुलें पोटांतच जातात, आणि जीं जन्मतात त्यांपैकीं थोडींच फार दिवस जगतात. तिचीं आधींचीं दोन्ही बाळंतपणें सिझेरियन शस्त्रक्रियेनें झालेलीं असल्यामुळें हा गर्भ शेवटपर्यंत वाहिल्यास गर्भाशयास धोका होता, व पुढें मूल होण्याची आशाही जाण्याचा संभव होता. या मुदतींत तिला अनेकदां तांतडीच्या उपचारासाठीं इस्पितळ गांठावें लागलें होतें. तिची डॉक्टर शस्त्रक्रियेस तयार होती. फक्त नंतर आपणांस तुरुंग दाखविला जाणार नाहीं एवढी हमी तिला न्यायालयाकडून हवी होती.

७ डिसेंबरास ऑस्टिन येथील जिल्हा न्यायाधीशांनीं परवानगी दिली. त्याच दिवशीं राज्याचे अॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनीं ह्यूस्टनमधील तीन इस्पितळांस पत्र धाडून कळविलें कीं, हा हुकूम तुम्हांस फौजदारी वा दिवाणी जबाबदारींतून वांचविणार नाहीं. दुसऱ्याच दिवशीं राज्याच्या सुप्रीम कोर्टानें त्या हुकमास तात्पुरती स्थगिती दिली, आणि ११ तारखेस तो उठवून टाकिला. तोंपर्यंत ती स्त्री राज्याची सीमा ओलांडून परराज्यांत उपचारासाठीं निघून गेली होती. सांगण्यासारखी गोष्ट ही कीं, या चार-पांच दिवसांत तिची नाडी पाहणारें कोणीही निर्णय करीत नव्हतें. निर्णय करीत होते ते वकील, न्यायाधीश आणि सरकारी अंमलदार. त्यांच्यांतील कोणीही तिला तपासलें नव्हतें.

कोर्टानें दिलेलें कारण विशेष लक्ष देण्याजोगें आहे. डॉक्टरनें आपल्या अर्जांत आपली 'सद्भावपूर्वक समजूत' अशी आहे, असें लिहिलें होतें. कोर्ट म्हणालें, कायद्यास एवढें पुरत नाहीं. कायदा मागतो तो 'वाजवी वैद्यकीय निर्णय', म्हणजे डॉक्टरच्या स्वतःच्या मनाच्या ग्वाहीवर न थांबतां बाहेरच्या मापानें मोजतां येईल असा निर्णय. शब्दशः पाहिल्यास कोर्टाचें म्हणणें चूक नाहीं. कायदा तसाच लिहिलेला आहे. परंतु याचा व्यवहारांत अर्थ काय होतो? डॉक्टर प्रामाणिक आहे, काळजीपूर्वक तपासून तिनें मत बनविलें आहे, एवढ्यानें ती सुटत नाहीं. उद्यां सरकारच्या बाजूनें दुसरा डॉक्टर उभा राहून 'मी आणखी दोन दिवस थांबलों असतों' असें म्हणाला, तर पहिलीला आपलें मत पंचांपुढें पणास लावावें लागणार, आणि हरल्यास आयुष्य तुरुंगांत घालवावें लागणार. अशा स्थितींत सुज्ञ माणूस थांबतो. रक्तस्राव वाढेपर्यंत थांबतो, ताप चढेपर्यंत थांबतो. कारण रोगी जितका मरणाच्या जवळ जातो तितका डॉक्टरचा बचाव पक्का होत जातो. कायद्यानें वैद्यकीच्या धर्माची अशी उलटापालट करून ठेविली आहे.

येथें आम्हांस आपल्याच घरांतल्या एका जुन्या कलमाची आठवण होते. आपला पीनल कोड १८६० सालचा, परक्या सरकारनें केलेला, आणि स्त्रियांविषयीं फारसा उदार नव्हे. तरी त्याच्या ३१२ व्या कलमांत, स्त्रीचा जीव वांचविण्यासाठीं 'सद्भावानें' केलेला गर्भपात गुन्हा नव्हे, असें म्हटलें होतें. सद्भाव म्हणजे योग्य काळजी व लक्ष देऊन केलेलें कृत्य, अशी व्याख्याही त्याच कोडांत होती. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदाही याच शब्दावर उभा आहे: नोंदलेल्या डॉक्टरनें सद्भावानें मत बनविलें म्हणजे झालें, आणि जीव वांचविण्यासाठीं गर्भपात तात्काळ अवश्य असेल तर एकाच डॉक्टरचें मत पुरे, मग गर्भ कितीही आठवड्यांचा असो. ज्या शब्दानें आपल्याकडे दीडशेंहून अधिक वर्षें डॉक्टरास आसरा दिला, तोच शब्द टेक्ससच्या कोर्टांत त्या बाईच्या अर्जाविरुद्ध गेला.

टेक्ससमधील ती स्त्री परराज्यांत जाऊं शकली म्हणून वांचली. जॉर्जियांतील एका तरुण मातेचें तसें झालें नाहीं. त्या राज्यांतही सहा आठवड्यांनंतर गर्भपात करणें हा दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. ऑगस्ट २०२२ मध्यें, तो कायदा लागू होऊन कांहीं आठवडेच झाले असतां, ही स्त्री शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यांत जाऊन गोळ्या घेऊन परतली. क्वचित् होतें तसें तिच्या बाबतींत झालें. गर्भाशयांत अवशेष राहून जंतुदोष झाला. यावर इलाज जगजाहीर आहे. आमच्याकडे तालुक्याच्या गांवींही तो होतो व बायका त्याला 'पिशवी साफ करणें' म्हणतात. तो इलाज करण्यास इस्पितळांत सुमारें वीस तास लागले, आणि ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेली. मागें तिचा लहान मुलगा राहिला. राज्याच्याच मातामृत्यु समितीनें हा मृत्यु टाळतां येण्याजोगा होता असा अभिप्राय दिल्याचें २०२४ मध्यें उघडकीस आलें. त्या वीस तासांत कोणाच्या मनांत काय चाललें होतें हें कोणी शपथेवर सांगूं शकणार नाहीं. पण तो इलाज म्हणजे नेमकें तेंच कृत्य आहे जें त्या राज्यानें नुकतेंच फौजदारी यादींत घातलें होतें.

आयर्लंडमध्यें हेंच दहा वर्षांपूर्वीं घडून गेलें होतें. ऑक्टोबर २०१२ मध्यें आपल्या देशांतून तिकडे गेलेली एक विवाहित तरुणी गॉलवेच्या इस्पितळांत, गर्भ वांचणार नाहीं हें ठरल्यावरही, त्याच्या हृदयाचे ठोके थांबण्याची वाट पाहत जंतुदोषानें मृत्युमुखीं पडली. तेथें तेव्हां १८६१ चा इंग्रजी कायदा चालू होता. त्या देशानें २५ मे २०१८ रोजीं लोकमत घेऊन आपल्या राज्यघटनेंतील गर्भपातबंदीचें कलम काढून टाकिलें.

या कायद्यांचे पुरस्कर्ते म्हणतात कीं, अपवाद स्पष्ट आहे, डॉक्टर विनाकारण भितात, आणि इस्पितळांचे वकील त्यांस अधिक भिववितात. या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. टेक्ससच्या सुप्रीम कोर्टानेंही मे २०२४ मध्यें दुसऱ्या एका खटल्यांत, स्त्रियांचा दावा फेटाळतांना, मृत्यु अगदीं दाराशीं येईपर्यंत डॉक्टरनें थांबलें पाहिजे असें कायदा म्हणत नाहीं, असा खुलासा केला. परंतु भीति विनाकारण होती तर २०२५ च्या जून महिन्यांत टेक्ससच्या विधिमंडळास आपलाच कायदा दुरुस्त कां करावा लागला? या दुरुस्तीनें धोका समीप असलाच पाहिजे असें नाहीं हें कायद्यांत घातलें, आणि डॉक्टरांस व वकिलांस त्याचें शिक्षण देण्याची तरतूद केली. दुरुस्ती आणणारे सेनेटर ब्रायन ह्यूज हे दहा हजार डॉलरांच्या त्या दाव्याच्या कायद्याचेही जनक होत. ज्यानें कुलूप घातलें त्यानेंच किल्ली नीट बसत नसल्याचें कबूल केलें. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत दाराबाहेर राहिलेल्यांचा हिशेब मात्र कोणी दिला नाहीं. आणि शिक्षेचें मान तेंच आहे. नव्याण्णव वर्षांची टांगती तलवार डोक्यावर ठेवून 'आतां निर्भयपणें काम कर' असें डॉक्टरास सांगणें, हें त्याच्या स्वभावास ओळखणाराचें बोलणें नव्हे.

गर्भांतही जीव आहे व त्याचें रक्षण झालें पाहिजे, असें ज्यांस मनापासून वाटतें त्यांची आम्ही थट्टा करीत नाहीं. तो प्रश्न धर्माचा, तत्त्वज्ञानाचा आणि ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, फौजदारी दंड हें त्या रक्षणाचें साधन ठरलेलें नाहीं. इतक्या राज्यांत बंदी असूनही २०२३ मध्यें त्या देशांत दहा लाखांहून अधिक गर्भपात झाले. ज्यांच्या गांठीं पैसा व रजा होती त्या विमानानें परराज्यांत गेल्या. ज्यांच्या गांठीं नव्हती त्यांनीं टपालानें गोळ्या मागविल्या किंवा नाइलाजानें गर्भ वाहिला. आतां गोळ्यांवर कायद्याचा रोख वळला आहे. लुइझियानानें १ ऑक्टोबर २०२४ पासून मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल हीं औषधें कडक नियंत्रणाच्या वर्गांत टाकिलीं. यांतील दुसरें औषध बाळंतिणीचा रक्तस्राव थांबविण्यासाठींही लागतें, आणि तेथें मिनिटांचा प्रश्न असतो. जानेवारी २०२५ मध्यें त्याच राज्यांत न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरवर, व तिच्याकडून आपल्या मुलीसाठीं गोळ्या मागविणाऱ्या एका आईवर, आरोप ठेवण्यांत आले. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनीं डॉक्टरास हवालीं करण्याचें साफ नाकारिलें. एका देशांतील दोन राज्यें एकमेकांच्या वॉरंटास जुमानीत नाहींत, येथवर मजल आली आहे.

मग हे कायदे लोकांस हवे आहेत काय? आरिझोनाची गोष्ट यास उत्तर देते. १८६४ सालीं, आरिझोना हें राज्य होण्यापूर्वीं अठ्ठेचाळीस वर्षें, स्त्रियांस मताचा अधिकार नसतांना झालेला एक कायदा तेथील सुप्रीम कोर्टानें ९ एप्रिल २०२४ रोजीं पुन्हां जिवंत ठरविला. त्यांतही दोन ते पांच वर्षांची कैद होती. महिन्याच्या आंत विधिमंडळानें तो रद्द केला, आणि नोव्हेंबरांत लोकांनीं मतदानानें गर्भपाताचा हक्क आपल्या राज्यघटनेंत लिहिला. कॅन्सासनें २०२२ मध्यें, ओहायोनें २०२३ मध्यें अशाच दिशेनें कौल दिला. फ्लोरिडांत २०२४ मध्यें सत्तावन टक्के मतें पडूनही साठांची अट असल्यामुळें ठराव पडला. विस्कॉन्सिनचा १८४९ चा कायदा जुलै २०२५ मध्यें तेथील कोर्टानें निकालांत काढिला. विधिमंडळास सोडून हाच प्रश्न थेट लोकांपुढें गेला तेव्हां पुष्कळ ठिकाणीं उत्तर बदललें, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

परंतु दुसऱ्याच्या घरांतील धूर दाखवितांना आपली चूल झांकून ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. टेक्सस निदान गर्भिणीस गुन्हेगार म्हणत नाहीं, आपण म्हणतों. १ जुलै २०२४ पासून पीनल कोडाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. वसाहतीच्या काळाचा वारसा टाकून दिला, अशी तिची ख्याति सांगण्यांत आली. तिचें ८८ वें कलम उघडून पाहावें. तेंच १८६० चें ३१२ वें कलम. तीच तीन वर्षें, गर्भाची हालचाल लागली असल्यास तींच सात वर्षें, आणि खालीं तेंच स्पष्टीकरण कीं, स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही या कलमांत येते. १९७१ च्या कायद्यानें गर्भपाताचा हक्क दिला नाहीं. या गुन्ह्यास अपवाद मात्र दिला. तो कायदा ज्या समितीच्या अहवालावरून झाला तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते, हें आमच्या प्रांतास भूषण आहे. पण अपवाद हा कितीही रुंद केला तरी त्याच्या कडेला गुन्ह्याची भिंत उभी असते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निवाड्यांत, अविवाहित स्त्रियांस चोवीस आठवड्यांपर्यंतच्या सवलतीचा लाभ देतांना, आपल्या सुप्रीम कोर्टानेंही, खटल्याच्या भीतीनें डॉक्टर मागें सरतात व कायद्यांत नसलेल्या अटी घालितात, हें नमूद केलें आहे. चोवीस आठवडे उलटलेल्या बलात्कारपीडित मुलीस आजही हायकोर्टाचा दरवाजा ठोठावावा लागतो, आणि तारीख मिळेपर्यंत गर्भ वाढत राहतो.

पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ मध्यें विधवांसाठीं बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें तेव्हां पीनल कोड लागू होऊन पुरतीं दोन वर्षेंही झालीं नव्हतीं. शिक्षा सांगणारें सरकार होतेंच. बाळंतपणास जागा देणारें कोणी नव्हतें, ती त्यांनीं दिली.

आमची मागणी मर्यादित आहे. ८८ व्या कलमाखालील तें स्पष्टीकरण काढून टाकावें, आणि स्त्रीच्या संमतीनें, नोंदलेल्या डॉक्टरनें केलेला गर्भपात फौजदारी संहितेंतून काढून वैद्यकीच्या नियमांकडे सोंपवावा. संमतीवांचून केलेल्या गर्भपाताचें पुढचें कलम आहे तसेंच कडक राहूं द्यावें. असें केल्यास मुलगी नको म्हणून गर्भ पाडणारे मोकाट सुटतील, हा आक्षेप येईल, आणि आमच्या प्रांतांत तो हलका नाहीं. परंतु त्यासाठीं निराळा कायदा आहे. किंबहुना या देशांत तसला पहिला कायदा महाराष्ट्रानेंच १९८८ सालीं केला व १९९४ सालीं मध्यवर्ती सरकारनें त्याचें अनुकरण केलें. त्या १९९४ च्या कायद्यांत स्त्रीनें अशी तपासणी नवऱ्याच्या वा नातलगांच्या जबरदस्तीनें करविली असेंच गृहीत धरण्याची तरतूद आहे. स्त्रीस आरोपीच्या पिंजऱ्यांत न ओढतां कायदा करतां येतो, हें आपल्याच कायदेपंडितांनीं तेथें करून दाखविलें आहे. फौजदारी कायदा हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचींतील विषय आहे, आणि राष्ट्रपतींच्या संमतीनें राज्यास त्यांत आपल्यापुरती दुरुस्ती करतां येते. डिसेंबर २०२१ मध्यें शक्ति विधेयक संमत करतांना आमच्या विधिमंडळानें तोच मार्ग धरिला होता. तेव्हां हेतु शिक्षा वाढविण्याचा होता. या वेळीं एक शिक्षा कमी करण्यासाठीं त्याच मार्गानें जाणारा आमदार कोण निघतो, तें पाहावयाचें आहे.